मेहुण्यांची गच्ची

आमच्या मेहुण्यांना बसलेलं पाहिलंय असं छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात सापडणार नाही. मी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. इंजिनिअरिंगच्या शिक्षणापायी ते आमच्याच घरी मुक्कामाला होते. तेव्हा मी सांगतो ते ऐकीव नाही. ते मला उभे आठवतात, चालताना आठवतात, दाराच्या चौकटीला खांदा लावून एका पायावर तोल सांभाळत भाकरी खाताना आठवतात. वयाने माझ्याहून बरेच धाकटे, पण बायकोचा भाऊ म्हणून मी त्यांना थट्टेने अहोजाहो करतो आणि ते मला 'दाजी, दाजी' करत हवं ते सुनावतात. माझी नोकरी बसस्थानकावर नियंत्रकाची. दिवसभर खिडकीआड बसायचं आणि 'गाडी कधी हाय?' या एकाच प्रश्नाला न चिडता उत्तर द्यायचं. अशी नोकरी करून करून माणूस थंड होतोच. इतका थंड माणूस मोकळा सोडू नये म्हणून देवाने हे मेहुणे माझ्या पदरात टाकले असावेत.

सासरवाडी तामलवाडीकडची, घर मेंढरं राखणारं. त्यामुळे चालणं रक्तातच आहे असं माझी बायको भावाची बाजू घेऊन सांगते. पण सासरे चालतात ते मेंढरांच्या चालीनं, थांबत, चरू देत. मेहुणे मेंढरं नसतानाही चालतात आणि कुणालाच चरू देत नाहीत. आमच्या लग्नात हे एवढेसे होते. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि नवा ड्रेस मिळवायचा ही रीत यांना कुणीतरी सांगून ठेवलेली. पण वेळ येईपर्यंत थांबायचं कसं? मंगलाष्टकं चालू असताना, मी अंतरपाटाकडे डोळे लावून भक्तिभावाने उभा असताना मागून येऊन यांनी माझा कान असा पिळला की माझ्या तोंडून 'आई गं!' बाहेर पडलं आणि भटजी कडव्यात अडखळले. पुढे खऱ्या कानपिळीची वेळ झाली तेव्हा मेहुणे गायब. काम उरकलं म्हणून ते वाजंत्रीवाल्यांचा ताशा बघायला गेले होते. मग चुलतमेहुण्याला उभं करून माझा कान दुसऱ्यांदा पिळला गेला. ड्रेस मात्र दोघांनीही घेतला.

एसटीत बसवलं तरी तेच. गाडी चहापाण्याला थांबली की हे खाली उतरणार आणि गाडी सुटायची वाट न बघता रस्त्याने पुढे चालायला लागणार. तुळजापूरच्या बाजूचे सगळे कंडक्टर त्यांना ओळखून होते. 'पुढं घाटात आपला एक पॅसेंजर चालत असंल, उचलून घ्या,' असं ते ड्रायव्हरला सांगत. चहा उकळण्याआधी गाळून पिणारा, न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या कटिंगवर उठून 'बाकीची उद्या' म्हणणारा हा माणूस. झोपायचे तेही पाय हलवत. त्या हादऱ्याने आमच्या मांडणीवरची ताटं रात्रभर किणकिणत, आणि खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंची पक्की खात्री होती की आम्ही वर शिलाई मशीन चालवतो. लाइट बिलावरून त्यांनी एकदा माझ्या बायकोला तसं आडून सुचवलंही.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, पण त्याची एक बाजू मला उशिरा कळली. शाळेत 'वर्गाबाहेर उभा राहा' ही शिक्षा यांना इतक्यांदा झाली की बरंचसं शिक्षण व्हरांड्यात उरकलं. कॉलेजात चौघांचा गट करून प्रोजेक्ट करायचा असला की सगळे गट ठरल्यावर जो उरतो, तो आमचे मेहुणे. एकदा भांडी पुसता पुसता ते बहिणीला म्हणाले, "अक्का, मला आजपातूर कुणी आपणहून निवडलं न्हाय बघ. सगळीकडं उरलो म्हणून घेतलंय." म्हणाले आणि ताट ठेवून फेऱ्या मारायला गच्चीवर गेले. बायकोने ते मला सांगितलं, आणि पुढे दोनचार दिवस मी त्यांची थट्टा केली नाही.

म्हणून तिसऱ्या वर्षी त्यांनी परदेशातल्या एका उन्हाळी कार्यक्रमाला अर्ज करायचं काढलं तेव्हा घरात सगळ्यांनीच ते मनावर घेतलं. जगभरातली पोरं अर्ज करतात, त्यातली थोडी निवडतात, निवडलेल्यांनी उन्हाळाभर एखाद्या ओपन सोर्स प्रोग्रॅमवर काम करायचं, वर एक मार्गदर्शक असतो, त्याला मेंटॉर म्हणायचं. सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांना मेहुण्यांनी घरभर फिरत समजावलं, "आबा, ह्ये प्रोग्रॅम कुणा एकल्याचे नसत्यात. कुणीबी यावं, चूक दिसंल ती नीट करावी, काय चांगलं घालायचं ते घालावं आन पुढं जावं. पुढं ते समद्यांच्या कामी येतं."

आबा सुपारी कातरत म्हणाले, "म्हंजी मेंढरं बसवल्यागत."

उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरंवाल्याला बोलावतो. कळप त्याच्या रानात रात्रभर बसतो, लेंड्यांचं खत पडतं, आणि सकाळी कळप पुढच्या रानाला लागतो. त्या खतावर पुढे काय पिकलं ते बघायला मेंढरंवाला नसतो. पण आधी बोली ठरते, किती रात्री बसवायची आणि किती ज्वारी द्यायची, आणि मगच मेंढरं रानात शिरतात.

"आन बोली कोण करतंय?" आबांनी विचारलं.

"अर्ज करायचा. ते निवडत्यात. तीच बोली."

"मग बोली व्हईस्तवर रानात पाय टाकू नगंस," आबा म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकली. मग त्यांनी आपलीही एक बोली केली. आजवर कळपामागे जाणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाला दूध डेअरीत नोकरी लागली होती, आबांचा गुडघा कुरकुरत होता, उन्हाळ्यात कळपामागे दुसरं माणूस हवं होतं. निवड झाली तर पोराने आपल्या कामाला लागावं, नाही झाली तर उन्हाळाभर मेंढरामागं यावं. मेहुणे 'व्हय' म्हणाले तेव्हा त्यांचे दोन्ही पाय एकदम हलत होते.

आता कामाचा विषय. पायी फिरणाऱ्यांसाठी एक नकाशाचं ॲप आहे. आपण चाललो त्याची रेघ फोनवर उमटते. मेहुणे ते खिशात चालू ठेवून आमच्या गच्चीवर तासन्‌तास फेऱ्या मारत. लॅपटॉप कठड्याच्या रुंद कोपऱ्यावर ठेवलेला. एक फेरी मारायची, उभ्याउभ्या एक ओळ लिहायची, की पुढची फेरी. एका संध्याकाळी ते जिन्यावरून धाडधाड खाली आले. "दाजी, बघा! सांजंपातूर चालतोय, आन ह्यो म्हणतुया म्या जागेवर बसलोय!" फोनवर रेघ नव्हती, नुसता एक ठिपका होता. थोड्या जागेत घिरट्या घालणारा माणूस म्हणजे बसलेला माणूस, अशी त्या ॲपची समजूत होती. आयुष्यात इतका मोठा आरोप त्यांच्यावर कुणी केला नव्हता. खातरजमा करायला त्यांनी रविवारी गावी जाऊन फोन आबांच्या खिशात घातला. आबा एका रानात दिवसभर मेंढरं फिरवून आले तर तिथंही ठिपकाच. "माझा बाप दिवसभर उन्हात चालला, आन ह्यांच्या लेखी त्यो निजला व्हता," मेहुणे म्हणाले. हे मात्र ते हसत म्हणाले नाहीत.

जगात इतके लोक ते ॲप वापरतात, पण ही चूक सापडायला आमच्या मेहुण्यांसारखाच माणूस लागत होता. त्यांनी प्रपोजल लिहिलं, म्हणजे कोणतं काम कसं आणि कधी करणार त्याचा आराखडा. पहिल्या पंधरवड्यात काय, दुसऱ्या पंधरवड्यात काय, असा सगळा उन्हाळा नीट वाटून टाकला होता. मला समोर बसवून, स्वतः चकरा मारत, त्यांनी तो वाचून दाखवला. मान वळवून वळवून माझी मान दुखली, पण आराखडा खरोखरच चांगला होता. अर्ज गेला. आता निकालापर्यंत थांबायचं होतं, आणि नेमकी तीच गोष्ट त्यांना येत नव्हती.

पहिले काही दिवस त्यांनी मला जगू दिलं नाही. बसस्थानकावर खिडकीशी येऊन, प्रवाशांच्या रांगेत घुसून विचारायचे, "दाजी, काय कळतंय का?" जणू निकाल भूमच्या गाडीने यायचा होता. मी म्हणायचो, "मेहुणे, तुमची गाडी आमच्या स्थानकात येत नाही." ते निघून जायचे आणि रसवंतीला वळसा घालून परत रांगेत. तो मेंटॉर कुठल्याशा थंड देशातला शांत माणूस होता, आठवड्यातून एकदा एक ओळ लिहायचा. 'बघतो,' एवढंच. त्या 'बघतो'चे मेहुणे आम्हाला शंभर अर्थ सांगायचे.

आणि मग एकाएकी हे थांबलं. मेहुणे विचारेनासे झाले. गच्चीवर फेऱ्या चालूच होत्या, पण तोंडावर एक समाधान आलेलं. मी बायकोला ऐटीत सांगितलं, "बघ, माझ्या संगतीत राहून थांबायला शिकले शेवटी." ती म्हणाली, "आधी निकाल लागू द्या." आपल्या भावाला ती माझ्यापेक्षा चांगली ओळखते.

निकालाच्या संध्याकाळी आबाही आले होते. दुसऱ्या दिवशी कळप निघायचा होता. गच्चीवर ऊन उतरलेलं, बायको वाळवणाच्या कुरडया काढत होती. मेहुण्यांनी यादी उघडली, वरून खाली गेले, पुन्हा वर आले. नाव नव्हतं. मग मेंटॉरचा मेल आला, आणि पहिल्यांदाच तो एका ओळीचा नव्हता. मेहुण्यांनी तो आम्हाला मराठीत सांगितला. तुमचं काम फार सुंदर आहे, आम्ही ते सगळंच्या सगळं ॲपमध्ये घेतलं आहे. पण तुम्ही उन्हाळाभर जे करणार होता ते आता पूर्ण झालं, उन्हाळ्यासाठी काही उरलंच नाही. म्हणून ती जागा दुसऱ्या कामाला द्यावी लागली. पुढच्या वर्षी नवं काम घेऊन नक्की या. आणि कृपया, निवड होईपर्यंत थांबा.

त्या समाधानाच्या फेऱ्यांचं गौडबंगाल तेव्हा उलगडलं. तीन महिन्यांचं काम यांनी वाट बघता बघता उरकून देऊनही टाकलं होतं. माझा कान हुळहुळला. मंगलाष्टकं संपायच्या आतच यांनी पुन्हा एकदा कान पिळला होता, फक्त या वेळी ड्रेस मिळायचा नव्हता.

सुरुवातीला मी जे छातीठोकपणे म्हटलं त्याला एक अपवाद आहे, आणि तो आम्ही तिघांनी कुणाला सांगितलेला नाही. मेहुणे खाली बसले. पाण्याच्या टाकीला पाठ लावून, मांडी घालून बसले, आणि त्यांचे पाय हलत नव्हते. बायकोच्या हातातली कुरडई गळून पडली. "अहो, ह्यो बसलाय," ती मला घाबरून म्हणाली. मग त्या परदेशी लोकांवर भडकली, "फुकट राबवून घेतलं माझ्या भावाला!"

"न्हाय गं अक्का," मेहुणे म्हणाले. "त्यांनी कुठं सांगितलं व्हतं? म्याच केलं. मला दमच निघंना."

दिवसभर लोकांना धीर देणारा मी, पण आपल्या माणसाला धीर द्यायला मला येत नव्हतं. आबा गुडघा धरत पोराच्या शेजारी टेकले.

"बोलीच्या आधीच बसवलीस व्हय रं मेंढरं?"

मेहुण्यांनी मान हलवली.

"म्या बी बसवली व्हती एकदा, तुझ्याएवढा असताना. भूमकडं, ईट गावाच्या अंगाला. दिस मावळला, मला काय दम निघंना, दिसलं त्या रानात घातली. सकाळी मालक काठी घिऊन आला. दाणा न्हाय दिला, वर शिव्या दिल्या." आबा जरा हसले. "पुढल्या साली त्योच मालक मला हुडकत तामलवाडीला आला. म्हणला, बोली कर बाबा, तुझीच मेंढरं पायजेत."

थोड्या वेळाने मेहुण्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला, मग पाऊल, मग गुडघा. टाकीतलं पाणी डुचमळायला लागलं तेव्हा बायकोने डोळे पुसले आणि कुरडया वेचायला वाकली.

दुसऱ्या दिवशी ते आबांबरोबर गेले. ठरलं होतं तसं. लॅपटॉप आमच्याकडेच आहे. बायको तो रोज पुसते आणि त्यावर आपल्या साडीचा तुकडा झाकते. घरात इतकी शांतता आहे की मला मध्येच जाग येते. ताटं किणकिणत नाहीत. मालकीणबाईंनी परवा जिन्यात गाठून विचारलं, "मशीन विकलं का हो?" मी 'हो' म्हटलं आणि मलाच वाईट वाटलं. चौकटीला टेकून कुणी भाकरी खात नाही, आणि खिडकीशी रांग मोडून कुणी 'दाजी' म्हणत नाही. आपलं माणूस घरात असताना त्याचा वैताग करत राहायचा आणि गेल्यावर त्याच वैतागाची वाट बघायची, हे मला या वयात कळलं.

काल माझ्याही फोनवर ते ॲप, मेहुण्यांच्या दुरुस्तीसकट, नवं होऊन आलं. थोड्या वेळात मेहुण्यांनी एक चित्र पाठवलं. ईटकडच्या कुठल्याशा रानात एक रेघ आडवीतिडवी, वेटोळी घेत, पोराने रागाने गिरगटल्यासारखी पसरलेली. खाली लिहिलं होतं, 'दाजी, आबांचा दिवस. आता दिसतोय.'

मी ते चित्र बायकोला दाखवलं. ती कितीतरी वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत होती. संध्याकाळी मी ॲप चालू केलं, फोन खिशात घातला आणि गच्चीवर गेलो. कठड्यापासून टाकीपर्यंत, टाकीपासून कठड्यापर्यंत. अंधार पडायला लागल्यावर बघितलं तर माझीही रेघ उमटली होती, एका खोलीएवढ्या जागेत गुंडाळलेली. मी ती मेहुण्यांना पाठवली. उत्तर तर लगेच आलंच, म्हणजे रानातही फोन हातातच असणार.

'दाजी, बसा की जरा.'

पण मला काही बसवेना.