वासिलीचा दादा आणि बेरीच्या बिया

वासिली मोठ्या गावात जाऊन ढोसून आला, अशी आवई आमच्या नदीकाठी विमान जमिनीला टेकतं न टेकतं तोच उठली. उतरताना त्याचे पाय लटपटत होते आणि पुतणीने, ओलिंकाने, काखेत हात घालून त्याला सावरलं होतं, हे शेजारच्या नास्तासियाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं ते खरंच. पण लटपट दारूची नव्हती, झोपेच्या सुईची होती. दवाखान्यात मागच्या वाटेने त्याच्या मोठ्या आतड्यात कॅमेऱ्याची नळी घातली होती. हे कळल्यावर नास्तासियाला दारूच बरी वाटली.

वासिलीचा थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून गावातली नर्सबाई वासिलीच्या मागे लागायची, "दुखत नाही तोवरच बघून घ्या. आतड्यात मांसाचा कोंब दिसला तर तिथल्या तिथे खुडतात."

वासिलीला ह्यातच काळंबेरं दिसे. दुखत नाही तर बघायचं कशाला? शिकारीला निघालेला माणूस अस्वलाचं नाव घेत नाही, ते ऐकतं. मग ह्या रोगाला नावाने हाका मारायच्या? आणि झोपवून आत काय ठेवतील, कोणी पाहिलंय?

पण ओलिंकापुढे त्याचं काही चालेना. भाऊ गेला त्याच हिवाळ्यात ती जन्मली, म्हणून त्याचं आमच्या बोलीतलं नाव तिला मिळालं. आमच्यात नाव आलं की माणूस आला. पन्नाशी उलटलेला वासिली त्या पोरीला दादा म्हणतो, आणि ती त्याला धाकट्या.

"धाकट्या, तिकीट काढलंय."

"दादा, तू कुठे नळी घालून घेतली होतीस?"

"नाही घेतली. म्हणून तर मेले."

वासिलीने पिशवी भरली. पण जायच्या आदल्या दिवशीच दादाच्या स्मरणाचं जेवण आलं. बिया असलेलं काही खायचं नाही, असं नर्सबाईने बजावलं होतं. पंगतीत मेलेल्याचं नाव लावणाऱ्याला आधी वाढतात. ओलिंकाने सवयीने आपल्या वाटीतलं अकुताक, म्हणजे चरबीत फेटलेल्या बेऱ्या, त्याच्यापुढे सरकवलं. दादाच्या हातचं नाही कसं म्हणायचं? वासिलीने वाटी चाटूनपुसून साफ केली.

मग पोट धुवायचं औषध पिऊनही डॉक्टरला बियाच बिया दिसल्या. "काही दिसत नाही. परत या."

"बघ, विमानात दोनदा चढवायचा डाव!" वासिली फणफणला.

"डाव माझ्या वाटीचा होता, धाकट्या," ओलिंका म्हणाली. "ह्या वेळी माशाचं गाळलेलं पाणी. तेही मीच देणार."

दुसऱ्या खेपेला कोंब सापडला. कॅन्सर व्हायच्या आधीच खुडला गेला. पुढेही अधूनमधून बघावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

वासिली घरी आला, तर नास्तासिया दारातच उभी. "पुन्हा जाणार म्हणे? गोडी लागली वाटतं नळीची!"

वासिली म्हणाला, "एकदा दादा मला सोडून गेला. आता मी त्याला सोडून गेलो, तर बडवेल तो मला."