पंचाला न दिसलेला टच

इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या इमारतीचे एसी दुरुस्त करणारे मामा बोलण्याआधी हात पुसतात, हात स्वच्छ असले तरी. कबड्डीच्या फायनलमध्ये ते आमच्या संघातून खेळत होते; मुहर्रकवाल्यांची शेवटची चढाई झाली, तेव्हाही त्यांनी आधी चड्डीला हात पुसला आणि मग वर केला. "पंच, मला टच झालाय."

मुहर्रकला गुण मिळाला, सामना बरोबरीत सुटला. टच पंचाला दिसलाच नव्हता. पंच मी होतो, आणि बघत होतो समोशांच्या ट्रेकडे.

फेरसामना शुक्रवारी ठरला. आठवडाभर आमच्या नेहमीच्या हॉटेलात मामांवर तोफा.

"मामा, पंच आंधळा होता, तुम्हाला काय धाड भरली होती?"

हात पुसून मामा म्हणायचे, "लागलं मला होतं ना, बाबा. खलास."

त्यांना संघातून वगळायचं जवळजवळ पक्कं झालं, तेवढ्यात मुहर्रकचा कप्तान हॉटेलात आला.

"शुक्रवारी हे पंच नकोत," माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला. "दुसरेही नकोत. मामा खेळणार असतील तर आम्हाला पंच लागत नाही."

मग आमच्या कप्तानाने यादीत मामांचं नाव सगळ्यात वर लिहिलं आणि हॉटेल टाळ्यांनी दणाणलं. माझी पंचगिरी गेली होती, पण सगळ्यात जोरात टाळ्या मीच पिटत होतो.