हाक पोचली नसती

माझ्या बाबांनी स्वतःसाठी आयुष्यात एकच होडी बांधली, तीही आई म्हणायची तसं, वरातीमागून घोडं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. किन्हवलीच्या पुढे आमचं गाव, दारात भाताचं खळं, आणि त्या खळ्यात भाताऐवजी सागाच्या कमानी उभ्या राहिल्या. येणारे जाणारे थांबून बघायचे. समुद्र कुठे आणि आम्ही कुठे.

"पोरगा व्हता तेवा नाय सुचली होडी," आई आतून म्हणाली. बाबा रंधा मारत राहिले.

ते मुंबईच्या गोदीत सुतार होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या होड्या दुरुस्त केल्या. सुट्टीला घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. आम्हा दोघा भावंडांना ते पाहुण्यासारखेच वाटायचे. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा एकच भावंड उरलं होतं, मी.

होडीच्या तीन वर्षं आधी माझा भाऊ धरणाच्या पाण्यावर गेला तो आला नाही. बावीस वर्षांचा होता, नोकरी नव्हती, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून मासे धरायचा. आमच्याकडे सगळेच धरतात. दिवाळीनंतरची एक दुपार. ट्यूब दोन दिवसांनी धरणाच्या भिंतीला लागली, तो मिळाला नाही. पाणबुडे आठ दिवस शोधत होते. पाण्याखाली जुनी झाडं अजून उभी आहेत, ती धरून ठेवतात, असं त्यांनी सांगितलं आणि ते निघून गेले.

देह नाही, म्हणून आईने दिवस घालू दिले नाहीत. दर्भाचा पुतळा करून सगळं करता येतं, हे भटजींनी दोनदा येऊन समजावलं. तिने त्यांना चहा दिला आणि मान हलवली. रोज संध्याकाळी ती त्याचं ताट वाढायची. सकाळी तो भात कोंबड्यांना जायचा. मी मुरबाडला शाळेत शिकवत होते, एसटीने येऊन जाऊन दमलेली असायचे, आणि त्या ताटाकडे पाठ करून जेवायचे. मला त्या ताटाचा राग यायचा. खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. जेवताना कधी तरी भांडं हलल्यासारखं वाटायचं आणि मी वळून बघत नसे.

होडीचं शीड शिवायची वेळ आली तेव्हा बाबांनी मांजरपाटाचा गठ्ठा आईच्या शिलाई मशीनशेजारी ठेवला. ते मशीन तीन वर्षं बंद होतं. चार दिवस गठ्ठा तिथेच पडून राहिला. पाचव्या दिवशी शाळेतून आले तर मशीन चालू होतं.

"मला एकच आनून द्या," ती मान वर न करता म्हणाली. "त्याला शेवटचं कोनी बघितलं? डोळ्यांनी बघितलेला एक जरी मानूस भेटला ना, तं मी मानीन. मंग घाला दिवस."

बाबा म्हणाले, "सगला काठ फिरतो."

होडी त्यासाठी होती. धरणाच्या पलीकडच्या डोंगरपाड्यांना रस्ता नव्हता, पोलीस तिथवर गेलेच नव्हते. पाण्यानेच जायचं, जिथे संध्याकाळ होईल तिथे राहायचं, दिसेल त्याला विचारायचं. आईने मला बरोबर पाठवलं. मला पोहता येत होतं एवढंच कारण नव्हतं. बाबा परत येतील की नाही याची तिला खात्री नव्हती. मलाही नव्हती.

टेम्पोवर उलटी घालून होडी पाण्यापर्यंत नेली. बारा फुटांची, फटी राळ-कापसाने बुजवलेल्या, आत बसायला तीन आडव्या फळ्या. तिसरी कोणाची, असं मी विचारलं. "सामानाला," बाबा म्हणाले. सामान सगळं पुढे पायाशी ठेवलं. तिसरी फळी तीन दिवस रिकामीच होती आणि मी तिच्याकडे तोंड करून बसले होते. आईने दिलेली पिशवी पहिल्या मुक्कामाला उघडली, तर आत तांदूळ, सुके बोंबील आणि तीन ताटल्या. मी तिसरी ताटली परत पिशवीत कोंबली. बाबांनी ती काढली, पुसली आणि दगडावर ठेवली. मी त्या दगडाकडे पाठ करून जेवले.

दिवसा पाणी सुंदर दिसायचं आणि त्याचाच मला संताप यायचा. काठाजवळ उथळ जागी बुडालेल्या झाडांचे शेंडे होडीच्या तळाला घासायचे, कोणीतरी खालून नखं ओढल्यासारखे. दर वेळी बाबा सुकाणू सोडायचे, वाकून पाण्यात बघायचे आणि मग पुन्हा सुकाणू धरायचे. मी म्हटलं, "बाबा, तीन वर्षं झाली." ते म्हणाले, "म्हायत हाय गो."

दोन दिवसांत सहा पाडे झाले. कोणी काही बघितलं नव्हतं. लोक भाकरी द्यायचे, होडीला हात लावून बघायचे आणि नाही म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेचा काठ उरला होता आणि वारा बरोबर तिकडूनच येत होता. समोरचा वारा असला की शिडाची होडी सरळ जात नाही. आधी तिरकी डावीकडे, मग शीड फिरवून तिरकी उजवीकडे, असं नागमोडी करत काठ गाठायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हे लोक कुठेच चाललेले नाहीत. आम्ही तासभर असे फेरे मारत होतो, तेव्हा आवाज आला. कोणीतरी थाळी बडवत होतं. काठ अजून एवढा लांब होता की माणूस दिसत नव्हता, पण थाळीचा एकेक ठोका वाऱ्याबरोबर स्वच्छ ऐकू येत होता. आम्ही त्या आवाजाच्या रोखाने गेलो.

काठावर एक म्हातारी बाई उभी होती. मागे नाचणी झोडायचं खळं, वर तिचा पाडा. आम्ही उतरेपर्यंत ती थाळी बडवत होती. मग खाली बसली.

"तुमाला चकवा लागला असं वाटला," ती म्हणाली. "इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. म्हनून वाजवली."

चकवा म्हणजे माणसाला एकाच जागी फिरवत ठेवणारं भूत. रानात लागतो हे आमच्याकडे पोरंही सांगतील, पाण्यावरचा मी पहिल्यांदाच ऐकला. मला हसू आलं. शिडाच्या होडीची चाल तिने चकवा ठरवली होती. बाबा हसले नाहीत.

"पान्यावर चकवा आधी बघितलाय कदी, बाय?"

तिने थाळी मांडीवर पालथी घातली. "एक पोरगा व्हता. ट्यूबवर. तीन सालं झाली. गोल गोल फिरत व्हता, आसा." तिने बोटाने मातीत वर्तुळ काढलं, एकदा, पुन्हा एकदा, त्याच रेघेवरून. "मी हितंच व्हते, झोडत. चकवा लागलेल्याला हाक मारू नाय, मारनाऱ्याला धरतो, आसा आमच्यात. घरात बारकी नातवंडं व्हती माजी. मी नाय मारली हाक. पाठ फिरवली. मंग बघितला तं ट्यूब रिकामी."

तेव्हापासून थाळी खळ्यावरच असते, तिने सांगितलं. पाण्यावर कोणी फिरताना दिसलं की ती वाजवते.

मला ती थाळी उचलून तिच्या तोंडावर मारावीशी वाटली. माझा भाऊ तिथे पाण्यावर जिवंत होता, दिवसाउजेडी, माणसाच्या नजरेसमोर, आणि त्या माणसाने पाठ फिरवली.

तिने विचारलं, "मी हाक मारली आसती तं?"

बाबांनी पाण्याकडे बघितलं. तेव्हाही हाच महिना होता, हीच वेळ, हाच काठाकडून पाण्याकडे जाणारा वारा. आत्ताच आम्ही तिच्या थाळीच्या आवाजावर काठाला लागलो होतो.

"नाय बाय," बाबा म्हणाले. "वारा उलटा व्हता. हाक पोचली नसती."

तिलाही वारा कळत होता.

परतताना होडीत बाबा एवढंच म्हणाले, "वल्हं हातातनं गेलं आसंल. दुसरा हात आखडला आसंल. एकाच हातानं पानी मारलं का ट्यूब गोल फिरते." मग त्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून बसले. गोदीतल्या कामाचे ते रुंद खांदे हलत होते. माझे बाबा रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितले, आणि मला त्यांच्याजवळ जाता आलं नाही, कारण सुकाणू सोडता येत नव्हतं.

आई दारातच होती. बाबांनी सांगितलं, पलीकडच्या काठावर एक म्हातारी आहे, तिने बघितलं.

"मंग हाक नाय मारली तिनं?"

मी बाबांकडे बघितलं.

"मारली तं," बाबा म्हणाले. "त्याला ऐकू गेली. त्यानं हात वर केला. मंग गेला तो."

आई भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "म्हंजे एकटा नवता." त्या संध्याकाळी तिने दोनच माणसांना वाढलं, आणि बाबांनी हात धरून पानावर बसवलं तेव्हा स्वतः जेवली. चौथं, भावाचं ताट मांडणीवरून खाली आलं नाही.

दर्भाचा पुतळा झाला, दिवस घातले. तेराव्यानंतर आईने पेटीतून एक नवं कोरं हिरवं लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "त्या बायला नेऊन दे. म्हनावं, माज्या पोराला हाक मारलीस, त्याची आठवन."

बाबांनी होडी पुन्हा पाण्यात घातली. पलीकडे पोचल्यावर ते उतरले नाहीत. मला काठावर सोडून काठापासून थोडं आत गेले आणि नांगर टाकून पाठमोरे बसले. बहुधा त्यांना ते बघायचं नव्हतं.

म्हातारी खळ्यावर होती. मी लुगडं तिच्यापुढे धरलं.

"कशापायी?"

मी खूप जुळवाजुळव करून आले होते. त्यातलं काहीच आठवलं नाही. "आईने दिलंय," मी म्हटलं. "त्याला हाक मारल्याबद्दल."

तिने माझ्याकडे बघितलं. लुगडं घेतलं नाही, नकोही म्हणाली नाही. थाळी बाजूला ठेवून ती उठली, गुडघ्यांवर हात टेकत पार पाण्यापर्यंत गेली. पाय भिजेपर्यंत गेली.

"नाव काय त्याचा?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळा जीव एकवटून त्याला हाक मारली. वारा पाठीमागून होता. नाव पाण्यावरून लांबवर गेलं.

आत होडीत पाठमोरे बसलेले बाबा दचकले. त्यांनी वळून बघितलं नाही. जरा वेळाने त्यांनी हात वर केला.