रुमालातल्या बांगड्या

मस्तगडातल्या आमच्या गल्लीत वत्सलाअक्का येण्याआधी त्यांच्या बांगड्या यायच्या. दोन्ही हातांत काचेच्या, हिरव्यागार. दळण टाकायला निघाल्या तरी साऱ्या गल्लीला कळायचं. फक्त रविवारी सकाळी त्या आवाज न करता जायच्या. उंबऱ्यातच दोन्ही मनगटांवर मोठाले पुरुषी रुमाल गुंडाळायच्या, गळ्यात दुर्बीण अडकवायच्या आणि मोती तलावाकडं पाखरं बघायला चालू लागायच्या.

रुमाल त्यांच्या मालकांचे. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण रुमाल टिकले होते आणि बांगड्याही. त्यावरून गल्लीतल्या एका जाणत्या बाईनं एकदा टोकलं, तर अक्का म्हणाल्या, "नवरा गेला माझा. हात थोडेच गेले!" शाळेत पोरांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. तिच्यापुढं पुन्हा कोण तोंड उघडणार?

मी तेव्हा बावन्न वर्षांची पोर होते. आमचे हे गेले त्याला वर्ष होत आलं होतं. दुःखी बाईनं कसं दिसावं याची मी जणू शिकवणीच लावली होती. फिकट साडी, मोकळं कपाळ, मोकळे हात. शेजारी कुणी हसलं की आपण एक उसासा सोडायचा. जेवण मात्र दोन्ही वेळा व्यवस्थित जायचं, पण ते लोकांना कशाला सांगा!

एक दिवस अक्का दारात उभ्या. "घनसावंगीकडं जीप चालली बायांची. गोदावरीवर पाखरं बघायला. तुझं नाव सांगून ठेवलं."

"अगं बाई! अक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठं घेऊन चाल्ले मी? जीपमदी जागा न्हाई. जल्दी आवर."

गेले. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उन्हासाठी छत्री. पाखरं पिंजऱ्यांत ओळीनं ठेवलेली असतील, बघून दुपारपर्यंत परत, असा माझा हिशोब. नदीवर पाहते तर नुसतं लांबलचक पाणी, आणि पिंजरा कुठंच नाही!

जीपमधून बाया उतरल्या आणि साऱ्यांच्या बांगड्या एकदम किणकिणल्या. काठावरची बदकं भर्रकन उठून पलीकडं गेली. कुणीतरी म्हणालं, "बांगड्या काढून ठेवा की थोड्या वेळ."

"सवाष्णीनं बांगड्या काढायच्या? पाखरासाठी?"

"बिलकुल न्हाई जमणार!"

एवढ्यात एक जण बोलून गेली, "शालनताईचं बरंय. त्यांना काही काढायचंच न्हाई." बोलली आणि तिनंच जीभ चावली. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण सगळ्या माझ्या हातांकडं बघू लागल्या. मी हात पदराखाली घेतले. वाटलं, धावत जाऊन जीपमध्ये बसावं.

अक्कांनी पिशवी उघडली. आत रुमालांची चळत. "कुणी काही काढायचं न्हाई. झाकायच्या. आमच्या मालकांचे हायेत हे. त्यांनी कधी पाखरं पाह्यली न्हाईत, रुमालांनी तरी पाहू द्या." एकेकीच्या मनगटांवर बांधत त्या माझ्यापाशी आल्या.

"हात पुढं कर."

"अक्का, माझ्या हातात काहीच न्हाई."

"मला म्हाईत हाये. पुढं कर."

माझ्या रिकाम्या मनगटांवरही त्यांनी घट्ट गाठी मारल्या. मग काठावर बसलेल्या आम्हा साऱ्यांचे हात सारखे दिसू लागले. आत काय आहे, काय नाही, कुणाला कळणार?

हळूहळू बदकं परतली. नारिंगी रंगाची होती. "चक्रवाक," अक्का कुजबुजल्या.

"जोडीनं राहतात म्हणे," एक बाई म्हणाली. "एक गेलं तर दुसरं अन्न सोडतं." आणि पुन्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं.

अक्कांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "शालन, ते तिकडचं एकटं काय करून राह्यलं, पाहून सांग बरं यांना."

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. "खाऊन राह्यलंय."

"कसं?"

"बकाबका!"

आधी मीच हसले. वर्षभरात पहिल्यांदा, आणि इतक्या मोठ्यानं की पाखरं पुन्हा उडाली. अक्कांनी कपाळाला हात लावला. "बांगड्या बांधल्या, तोंड बांधायचं राह्यलं!"

परतताना घनसावंगीच्या स्टँडवर चहाला थांबलो. मी गाठी सोडल्या आणि मनगटं सकाळपेक्षा जास्त उघडी वाटली. समोर बांगड्यांचं दुकान होतं. अक्का चहा फुंकत राहिल्या. मीच उठले.

"कोणत्या दाखवू?" दुकानदारानं विचारलं.

"वाजणाऱ्या."

मागून अक्का म्हणाल्या, "पाखरं उडतील."

"उडू द्या!"

घरी नणंदबाईंनी हात पाहून डोळे मोठे केले. "वैनी, हे काय थेर?" मी म्हणाले, "भाऊ गेला तुमचा. हात थोडेच गेले!" वाक्य उसनं होतं, पण बराबर लागू पडलं.

गेल्या हिवाळ्यात अक्का अंथरुणाला लागल्या. भेटायला गेले तेव्हा डोळे मिटून पडल्या होत्या. झोपमोड नको म्हणून उंबऱ्यातच मी बांगड्यांवर रुमाल बांधले. नदीवरचेच, परत द्यायचे राहून गेलेले. चवड्यांवर आत गेले.

"शालन का?"

"अक्का, आवाज तर केला न्हाई मी. कसं ओळखलंत?"

"म्हणून तं ओळखलं. सोड ते रुमाल. मी काय पाखरू हाये, उडून जायला?"

मी गाठी सोडल्या, हात चांगले झटकले. त्या डोळे मिटूनच ऐकत राहिल्या, हसत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उडाल्याच. लबाड कुठल्या! मला बांगड्या वाजवायला लावून.