मिशरीला रकाना नव्हता

आंबी एमआयडीसीतल्या कारखान्यात प्रेसमध्ये सापडून माझ्या उजव्या हाताचं कातडं गेलं. मांडीचं कातडं तिथं लावण्याआधी सिस्टरनं विचारलं, "तंबाखू, सिगारेट?" मी नाही म्हणाले. जुन्या पेशंटांच्या नोंदींवरून शिकलेल्या कॉम्प्युटरनं कातडं न धरण्याचा धोका कमी सांगितला.

पाचव्या दिवशी नवं कातडं काळं पडलं. डॉक्टर आले तेव्हा मी डाव्या हातानं मिशरी लावत होते.

"अहो, ही भाजलेली तंबाखूच ना? तिच्यानं नव्या कातड्याला रक्त पोचत नाही."

डबी आणून देणारी शेजारची मावशी म्हणाली, "न्हाई ओ, दाताची हाय."

डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण माझी शाळा सातवीत सुटली, मला ती तंबाखू वाटलीच नाही. एवढ्या शिकलेल्या मशीनला घरोघरची मिशरी कुणीच कशी शिकवली नाही?

दुसऱ्या ऑपरेशनआधी सिस्टरनं तोच प्रश्न वाचला.

"मिशरी लिहा."

"तसा रकाना नाहीये."

"मग तंबाखूत लिहा. गावापासून एवढ्या लांब मी याच हातावर जगते."