दोन नंबरच्या पटावरचा चहा

१८ नोव्हेंबर. दुपारचे साडेचार वाजले होते आणि मी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरामागे कप विसळत होते. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांचे कप धुऊन मी पालथे घातले होते, तिसऱ्या फेरीचे अजून हॉलमध्येच होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या तासाभरात त्याच धुतलेल्या कपांवरून माझी उलटतपासणी झाली.

खालापूरच्या अलीकडच्या त्या रिसॉर्टमध्ये बारा देशांच्या बायकांचे संघ बुद्धिबळ खेळायला आले होते. एका संघाच्या चौघी दुसऱ्या संघाच्या चौघींसमोर बसायच्या, चार पटांचे गुण मिळून सामन्याचा निकाल लागायचा. चहा-नाश्त्याचं काम आमच्या गटाला मिळालं होतं. गट म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ आणि पोशीर गावच्या दोघी. भातझोडणीचे दिवस होते, आणखी बाई मिळाली नाही.

तिथे पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण दुसऱ्याकडे चोरासारखा बघत होता. मोबाइल दारात काढून घ्यायचे, घड्याळंही. पेन किंवा कप उचलला तर होता तसाच परत ठेवायचा, असा खेळाडूंनाही नियम. एकीचं पेन उघडून आतली कांडी तपासली. बाथरूमच्या दाराशी एक बाई खुर्ची टाकून बसलेली, आणि कोण किती वेळ आत होतं ते लिहून ठेवणं एवढंच तिचं काम. मुख्य पंच देशावरच्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आम्हाला एका ओळीत उभं करून सांगितलं, पटाकडे बघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, कप ठेवायचा आणि निघायचं. मला आधी हसू आलं. तिसऱ्या दिवशी मीही तशीच झाले. कुठल्या संघाचा कप्तान किती वेळा खोकतो, कोट काढून पुन्हा का घालतो, सगळं बघायला लागले. बुद्धिबळ मला येत नाही, पण संशय घ्यायला ते यावं लागत नाही.

त्यात माझी जाऊही आली. एका थंड देशाच्या संघात दोन नंबरच्या पटावर एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी बसायची. अंगाने काडी, केस घट्ट ओढून बांधलेले. जाऊ तिच्या खुर्चीमागे नको इतकी रेंगाळते, हे मी दाराच्या काचेतून दोनदा पाहिलं. विचारलं तर म्हणाली, टेबलाचा पाय हलतोय. संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर मी जाऊन टेबल हलवून पाहिलं. पाय पक्का होता. त्याआधी जाऊ गेटवर एका बाइकवाल्याशी बोलताना दिसली होती. झोडणीचं मशीन कधी येणार ते सांगायला भावाचा मित्र आला होता म्हणे. एकेक गोष्ट सुटी असती तर मी सोडून दिली असती. दोन एकत्र आल्यावर सोडवेना.

तर साडेचारला पोशीरची एक जण धावत आली. मुख्य पंचांनी मला आणि जाऊला हॉलमध्ये बोलावलं होतं.

हॉलमध्ये सगळे डाव संपले होते. दोन नंबरच्या पटावर ती काडीसारखी मुलगी जिंकली होती. हरलेल्या संघाचा कप्तान टेबलापाशी उभा होता आणि कपांना कोणाला हात लावू देत नव्हता. त्याच्या हातात वही होती. तो इंग्रजीत बोलत होता, पंचबाई मला मराठीत सांगत होत्या. त्याचं म्हणणं असं, की या मुलीच्या कपाचा कान नेहमी डावीकडे असतो. काल ती दुसऱ्या संघाशी खेळत होती, तेव्हाही तो बघत होता. काल दोनदा आणि आज एकदा कान उजवीकडे आला. तिन्ही वेळा मुलगी अडचणीत होती, आणि तिन्ही वेळा दहा मिनिटांत तिला चांगली खेळी सापडली. कान उजवीकडे म्हणजे कोणीतरी बाहेरून सांगतंय की इथे संधी आहे, शोध. वहीत वेळेसकट लिहिलं होतं.

त्याची वही वेडेपणाची वाटावी इतकी बारीक होती, पण कपाच्या कानाला खरंच अर्थ होता, आणि तो त्या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघी जावांना ठाऊक होता.

सासऱ्यांना शुगर निघाली तेव्हा सासूबाईंनी ही पद्धत पाडली. साखरेच्या कपाचा कान पिणाऱ्याच्या उजवीकडे, बिनसाखरेच्याचा डावीकडे. पाहुण्यांसमोर कोणाला काय दुखणं आहे ते बोलायला नको, आणि कप वाटणाऱ्या बाईचा घोटाळाही नको. आम्ही दोघी जावा त्याच चुलीपुढे शिकलो. पोशीरच्या दोघी कप भरून ट्रेमध्ये लावायच्या तेवढंच. टेबलावर ठेवायचं काम मी जाऊकडे दिलं होतं.

पंचबाईंनी विचारलं, कान मुद्दाम फिरवलेला असतो का? मी हो म्हटलं आणि पद्धत सांगितली. त्यांनी यादी मागवली. प्रत्येक कप्तानाने आपल्या संघाच्या खाण्यापिण्याची यादी पहिल्या दिवशी भरून दिली होती. त्या मुलीपुढे लिहिलं होतं, बिनसाखरेचा.

"मग आज उजवीकडे का?"

मी जावेकडे पाहिलं.

"आधीच्या फेऱ्यांचे कप कुठेत?"

"धुतले."

"कोणी सांगितलं धुवायला?"

"कप धुवायला कोणी सांगावं लागत नाही."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग शांतपणे सांगितलं, की खूण ठरली तर मुलीचा जिंकलेला डाव जाईल, संघाचा सामना उलटेल, आणि ती पुन्हा कुठे देशाकडून खेळेल याची खात्री नाही. आमचं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मुलीला बोलावलं. तिचा कप्तान सोबत आला, उंच, ओठ घट्ट मिटलेला माणूस. कपात काही वेगळं जाणवलं का, असं पंचांनी विचारलं. मुलीने आधी कप्तानाकडे पाहिलं, मग मान खाली घातली. तिचे कान लाल झाले. पंचबाईंचा चेहरा कडक झाला. मलाही वाटलं, संपलं, हिने काहीतरी केलंय. फक्त काय केलंय ते कळत नव्हतं. देवघरातला गूळ खाल्लेलं पोर असंच बघतं.

मी पंचांना म्हटलं, जावेशी मी तुमच्यासमोर बोलते. त्यांनी मान हलवली.

"कान का फिरवलास?"

"साखरेचा दिला म्हनून."

"यादीत बिनसाखरेचा आहे."

"यादी त्या मानसानं लिवली. पोर सकाळच्याला ताट तसंच ठेवते. काल हात कापत व्हता तिचा, सोंगटी धरवत नव्हती. आज पन तेच. तवा देते मी साखरेचा."

"पटाकडे बघायचं नाही, सांगितलं होतं ना?"

"पट कोन बघतंय? मला त्यातला घोडा तेवढा वळखू येतो. मी तिच्या तोंडाकडं बघत व्हते."

"चोरून साखर द्यायची होती तर कान डावीकडेच ठेवायचास. कोणाला कळलं असतं?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू वेडी मी आहे.

"साखरेच्या कपाचा कान डावीकडं ठेवू? सासूबायनी हात मोडला आसता माजा."

पंचबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

मला मात्र एवढ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. गोष्ट बरोबर बसत होती, पण बरोबर बसणारी गोष्ट रचताही येते. मी म्हटलं, हॉलभर तिसऱ्या फेरीचे कप पडलेत, चाखून बघा. डावीकडे कान असलेला एकही गोड निघाला तर आमच्या पद्धतीला अर्थ नाही.

पंचबाईंनी चमचा मागवला. आधी तोच कप. थंडगार चहा, वर साय धरलेली. गोड. मग समोरच्या हरलेल्या मुलीचा, डाव्या कानाचा. अगोड. असं करत त्या टेबलं फिरल्या. तक्रार करणारा कप्तान म्हणाला, मी स्वतः चाखणार. त्यानेही चमचा घेतला आणि त्यांच्या मागोमाग निघाला. सतरा-अठरा कपांनंतर त्याने चमचा ठेवून दिला आणि पाणी मागितलं. एकही चुकलेला नव्हता. जाऊ माझ्या कानात म्हणाली, "बगा, रोज आपल्या दुदाच्या चहाला नाव ठेवत व्हता, आता पितोय."

मग पंचबाईंनी दोन्ही कप्तानांना बाहेर पाठवलं आणि मुलीला पुन्हा विचारलं. या वेळी ती बोलली, आणि पंचबाई मला मराठीत सांगत गेल्या. साखरेने आधी तरतरी येते आणि मग डोकं जड होतं, असं तिच्या कप्तानाचं मत. संघात साखर बंद. गोड कप पहिल्यांदा आला तेव्हा तिला वाटलं, या बायका कामात गलथान आहेत. तिने गुपचूप पिऊन टाकला, आणि गलथानपणा पुन्हा होईल अशी वाट बघत राहिली. गलथान हा शब्द मला लागला.

निकाल कायम राहिला. तक्रार करणाऱ्याने कागदावर सही करताना शेवटचं ऐकवलं, की साखर हीसुद्धा बाहेरची मदतच. पंचबाई म्हणाल्या, साखरेबद्दल माझ्या नियमांत काही नाही, पण उद्यापासून पटावर चहा बंद. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि बाई, यादीत आहे तेच द्यायचं." मी हो म्हटलं.

घरी येताना टेंपोत जाऊ माझ्या शेजारी बसली होती. चौक गाव मागे पडल्यावर मी म्हटलं,

"टेबलाचा पाय हलत नव्हता."

"नाय हलत."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं आसतं तर तुमी साखर बंद केली आसती."

केली असती. वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाइकवाल्याचं मी विचारलं नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे झोडणीचं मशीन गुरुवारी आलं की कळेलच, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला पोचले. जावेला पोह्यांवर लावलं. सगळा चहा एकाच केटलीत, बिनसाखरेचा केला, आणि हॉलच्या दाराबाहेर टेबल मांडून त्यावर साखरेचं भांडं आणि चमचे ठेवले. ज्याने त्याने आपलं घ्यावं. मी टेबलामागे उभी राहिले. आठच्या सुमारास ती मुलगी आली. मी तिला कप भरून दिला. तिचा कप्तान चार पावलं मागे. तिने भांड्याकडे पाहिलं, मागे पाहिलं. मी केटली आणि एक कप घेऊन दोघांच्या मधे गेले आणि त्याला हातानेच विचारलं, चहा? तो थांबला, त्याने कप हातात घेतला. मी सावकाश ओतला. पाठीमागे चमचा दोनदा भांड्याला लागल्याचा आवाज आला.

ती गेल्यावर मी आमच्याकडच्या यादीत तिच्यापुढचं 'बिनसाखरेचा' खोडलं आणि केटली भरायला आत गेले.