आतेचा नाचाचा क्लास

माझ्या आतेइतकं चिकित्सक माणूस परमेश्वराने दुसरं घडवलं असेल, तर ते त्याने आम्हा मालवणच्या लोकांपासून आजवर लपवून ठेवलेलं आहे. पंचवीस वर्षं मासे विकले की जगातल्या प्रत्येक वस्तूचे कल्ले उघडून बघायची सवय लागते, असं तीच सांगायची. साडी घ्यायला गेली की दुकानदाराची बायको कोणती साडी नेसते हे आधी विचारून घ्यायची. एकदा दाढ दुखायला लागली, तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्यापूर्वी तिने त्यांनाच तोंड उघडायला लावलं. "सोताचे दात राखूक जमले नाय, तो माजे काय राखतलो?" बिचाऱ्याने मुकाट्याने 'आ' केला. दोन दाढांत चांदी भरलेली निघाली आणि आते आपली दुखरी दाढ घेऊन तशीच घरी आली. मला देवगडचं एक स्थळ आलं होतं, चांगलं हापूसच्या बागेचं. मुलाच्या आईने चहाचे कप ठेवताना बशा खडखडवल्या, एवढ्यावरून तिने ते परतवलं. "आज बशी वाजवता, उद्या तुका वाजवतली," म्हणाली. त्यापायी माझं लग्न दोन वर्षं लांबलं. हे मी तिला माफ केलेलं नाही. म्हणजे केलंय, पण तिला सांगितलेलं नाही.

ही आते सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. नवरा तापाने गेला, ती माहेरी आमच्याकडे आली आणि महिन्याभरात तिने माशांची टोपली डोक्यावर घेतली. सकाळी बंदरावरून बाजाराकडे निघालेली आते बघण्यासारखी असायची. टोपली काठोकाठ बांगड्यांनी भरलेली, आत गळणारं पाणी, आणि तरी खांद्यावर एक थेंब सांडायचा नाही. मान देवळाच्या खांबासारखी स्थिर, आणि कंबरेखाली सगळं आपल्या लयीत चाललेलं. लहानपणी ती फुगडीला उभी राहिली की समोरची मुलगी चक्कर येऊन पडायची, असं माझे वडील सांगत. पण मी काही ती फुगडी बघितली नाही. चतुर्थीला आमच्या घरापुढच्या खळ्यात बायका फुगड्या घालायच्या तेव्हा आते भिंतीला टेकून बसायची, गाणी सांगायची, टाळ्या वाजवायची. मी जन्मल्यापासून तिला तिथेच बघत आले, त्यामुळे ती तिची जागाच आहे असं मला वाटायचं. तसं ते सगळ्यांनाच वाटायचं.

घरोघर नुकतंच केबल आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मी कुडाळच्या शाळेत शिकवून घरी आले तर आते टीव्हीपुढे बसलेली. सोलायला घेतलेली कोलंबी हातात तशीच. पडद्यावर कुठल्याशा अरबी देशातली एक भरल्या अंगाची बाई नाचत होती. खांदे शांत, चेहरा शांत, आणि पोट मात्र सागराच्या पाण्यासारखं हलतंय. आतेचे डोळे अर्धे मिटले होते. बाहेर माडाच्या झावळ्या सळसळत होत्या, मांजर कोलंबीपर्यंत पोचलं होतं, आणि आतेला कशाचंच भान नव्हतं. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ह्येका काय म्हणतत गो?"

"बेली डान्स."

"माका ह्यो शिकाचो आसा."

मी हसले. ती हसली नाही. मग कोलंबीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "बाय, फुगडीक माका कोणी नको म्हणूक नाय. पण कोणी ये पण म्हणूक नाय. ह्या नाचात कपाळार कुंकू आसा काय नाय, ता कोण बघता? बावन वर्सां झाली माका. गुडघे गेले काय मगे सपला. त्याच्या आदी एकदा नाचान घेतंय."

मी म्हटलं, बघू या कुठे क्लास आहे का.

आता आमच्याकडे विहीर खणायची असो की मुंबईला जायचं असो, आधी देवाला कौल लावतात. आते गुरवाकडे गेली. गुरवाने पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या तुज्या लेकरान आज पोटाचो नाच शिकाचा मनात घेतल्यान हा! तेची इच्छा पुरी होवची आसात तर उजवो दी रे महाराजा!" मागे बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी सवयीने "व्हय महाराजा!" म्हटलं आणि मग आपण कशाला होय म्हटलं ते कळून एकमेकांकडे बघितलं. उजवी पाकळी टपकन पडली. आतेचा हुरूप वाढला. तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, क्लास कुठला घेऊ? यावर मात्र देव गप्प. तासभर झाला तरी एक पाकळी हलेना. शेवटी गुरव घाम पुसत म्हणाला, "आते, देवाक ह्यातला काय कळणा नाय असा दिसता."

"बरा," आते उठत म्हणाली, "मगे माकाच बघूक व्हया."

आणि तिने बघितलं म्हणजे काय, विचारू नका! तिचं बजेट ठरलेलं होतं, महिन्याला एक बऱ्यापैकी सुरमई, त्याहून जास्त नाही. वारही ठरलेला, शनिवार, कारण शनिवारी अर्धं गाव मासे खात नाही. आणि परीक्षाही तिने स्वतःच शोधून काढली होती. पिशवीत स्टीलचा पेला घेऊन ती माझ्याबरोबर निघाली.

पहिला क्लास कुडाळचा, एका किराणा दुकानाच्या माडीवर. केसांना तांबडा रंग लावलेला तरुण मास्तर तीन महिन्यांत जगातले सगळे नाच शिकवत होता. फी दोन डझन बांगड्यांत बसणारी. आतेने पेला काठोकाठ भरला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "आता नाच." मास्तरने पहिला झटका दिला आणि पेला थेट माझ्या पदरात आला. "ह्येचा सगळाच हलता," जिना उतरताना आते म्हणाली. "स्वस्त मासो कुसको निघता तो असो."

दुसरा क्लास गोव्यात, समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात. शिकवणारी गोरी बाई. तिने पेला डोक्यावर ठेवून घेतला आणि अशी नाचली की पाण्यावर साधी सुरकुती उठली नाही. आते भारावून बघतच राहिली. पण फी ऐकली तर पापलेटांची अख्खी टोपली! शिवाय तिथल्या पोरी दोन-दोन वर्षं शिकलेल्या, गिरक्या घेत जमिनीपर्यंत मागे वाकणाऱ्या. आते तरीही हरली नाही. "तिका विचार, अर्धो क्लास मिळात काय? शेपटीकडचो?" मी हे इंग्रजीत कसं सांगितलं ते माझं मला माहीत. बाई पोट धरून हसली, पण शेपटीकडचा तुकडा काही तिने दिला नाही. परतताना बसच्या खिडकीतून खाडीकडे बघत आते बसली होती. मग म्हणाली, "मासो बरो होतो. पण आपल्या टोपलीतलो न्हय."

तिसरा क्लास म्हापशाला, एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत. बाई ख्रिस्ती, आतेच्याच वयाची, बरीच वर्षं आखाती देशात काढून परत आलेली. पाच-सहा घरगुती बायका, सगळ्या नवशिक्या. फी सुरमईत बसत होती, वर चार मांदेली उरत होती. पेला बाईच्या डोक्यावर जागचा हलला नाही. मग बाईने तोच पेला आतेच्या डोक्यावर ठेवला. आते खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, नेहमी बाजारात जाते तशी, आणि बायका बघतच राहिल्या. बाई म्हणाली, तुम्ही थेट वरच्या वर्गात बसा. "नको," आते ठामपणे म्हणाली. "माका चलाक येता, नाचाक येणा नाय. सगळ्यात खालच्या वर्गात बसय."

बाईने कॅसेट लावली. बायका उभ्या राहिल्या. आणि आमची आते, दोन महिने गावोगाव पेला घेऊन फिरलेली आते, शांतपणे जाऊन भिंतीला टेकून बसली आणि टाळ्या वाजवायला लागली.

तिला कळलंही नव्हतं. पायच तिकडे गेले. मला मात्र कळलं. बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "उठ गो माये! हांगा कोणूच बसना!" आणि सरळ जाऊन आतेचा हात धरला, ओढलं.

आते उठली. पहिली पाच मिनिटं नुसती उभी होती. मग कंबर हलली, थोडी, पुन्हा थोडी. डोळे मिटलेले. पंख्याच्या वाऱ्याने शिंप्याकडच्या चिंध्या जमिनीवर भिरभिरत होत्या आणि त्यांच्यामधून आते हळूहळू फिरत होती, जणू खोलीत दुसरं कोणीच नाही. तिचा चेहरा सव्विशीच्या आधी कसा असेल ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मला राहून राहून एकच वाटत होतं. इतकी वर्षं चतुर्थीला मी त्याच खळ्यात गोल फिरत होते, आते माझ्यापासून चार हातांवर बसलेली असायची. मी शिकलेली, शाळेत मुलांना शहाणपण शिकवणारी. तिचा हात ओढायला मला काय झालं होतं?

पुढच्या चतुर्थीला मी ठरवूनच होते. दुपारी बायका जमल्या, खळ्यात रिंगण झालं, मी सगळ्यांदेखत आतेच्या खोलीशी गेले आणि हात पुढे केला. "आते, उठ. चल फुगडीला."

ती आरशापुढे पदर नीट करत होती. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही, उलट गालावरून हात फिरवला.

"आज नको गो बाय. आज शनवार, माजो क्लास आसा."

म्हापशाच्या बाईला चतुर्थीची सुट्टी नव्हती. आते पिशवी घेऊन रिंगणाच्या कडेने निघाली, बायकांना म्हणाली, "नाचा गो, नाचा," आणि एसटी पकडायला गेली. मी हात तसाच पुढे धरून उभी राहिले. मग भिंतीशी जाऊन बसले, कारण गाणी सांगायला तिथे कोणीच नव्हतं.